घरटी एक बोट

चांगूच्या हाताला कागदाची सवय होती, पण लिहायच्या कागदाची नव्हे. सातवी पास होऊन मुंबईला गेलेला हा पोलादपूरच्या डोंगरातला गडी एका प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागला, आणि बाटल्या धुताधुता गाळणकागदावर कधी आला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. गाळणकागदावर प्रथिनं चालवायची, म्हणजे त्यांना कागदावरून वाट काढत जायला लावायचं आणि कोण कुठवर पोचलं ते बघायचं, असं ते काम. पदवी घेऊन आलेल्या पोरांपेक्षा चांगूला ते बरं जमे. पोरांना ही गोष्ट आवडत नसे, पण त्याला चांगू काय करणार?

त्याचं सगळं कसब एका गोष्टीत होतं. तो कागदाला बोट लावत नसे. प्रथिनाचे बारीक तुकडे करून मोठ्या कागदावर पसरले आणि वरून निनहायड्रिन नावाचं औषध फवारलं, की जिथे अमिनो आम्ल असेल तिथे जांभळा डाग उठतो. पण अमिनो आम्ल माणसाच्या घामातही असतं. कुणी कागद नुसता दोन बोटांत धरला असला, तरी फवारल्यावर ती दोन बोटं रेघारेघांसकट जांभळी उमटतात आणि गुन्हेगार कोण ते सगळ्या खोलीला कळतं. चांगूची बोटं कधीच उमटली नव्हती. त्याचा चिमटा म्हणजे त्याचं सहावं बोट झालं होतं. डॉक्टर नव्या पोरांना म्हणत, "याच्याकडून शिका. यानं चोरी केली तर पोलिसांना सापडायचा नाही." हे बोलणं चांगूला इतकं आवडे, की गावी गेला की तो ते न चुकता सांगे.

डॉक्टरांचा विषय रक्तातल्या हिमोग्लोबिनचा. ते समजावून सांगत तेव्हा चांगू कान देऊन ऐके. हिमोग्लोबिन म्हणजे मण्यांच्या माळा. एकेका माळेत दीडशेच्या आसपास मणी, मणी म्हणजे अमिनो आम्लं, आणि त्यांचा क्रम पक्का ठरलेला. काही माणसांच्या माळेत सहाव्या जागी भलताच मणी येऊन बसतो. बाकी सगळी माळ जशीच्या तशी. तेवढ्या एका मण्यापायी, वीज लावली की ते हिमोग्लोबिन कागदावर मागे रेंगाळतं, आणि अंगात रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. माळ ओवायचा नमुना प्रत्येकाला दोघांकडून मिळतो, एक आईकडून, एक बापाकडून. एकच नमुना चुकीचा असला तर माणूस धडधाकट राहतो आणि कागदावर त्याचे दोन पट्टे दिसतात, एक पुढे एक मागे. दोन्ही चुकीचे असले तर कागदावर एकच पट्टा दिसतो, मागे राहिलेला. तो माणूस आजारी असतो.

एकदा हात बसवायला म्हणून सगळ्यांनी आपापलं रक्त चालवलं. बाकीच्यांचा एकेक पट्टा आला, चांगूचे दोन. डॉक्टरांनी त्याची कागदाची पट्टी उजेडात धरून विचारलं, "तुमच्या गावाकडे हातपाय सुजणारी, डोळे पिवळे पडणारी मुलं आहेत का रे?" चांगूला आपली भाची मैना आठवली. वरंधच्या वरच्या वाडीत दिलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीची, राहीबाईची, ही सात वर्षांची एकुलती एक मुलगी. महिना-दोन महिन्यांनी तिची हाडं दुखत आणि पोर रात्रंदिवस विव्हळे. राहीबाईची सासू म्हणे, हिच्याच कुशीचा दोष आहे. सात वर्षं ती हेच म्हणत आली होती.

म्हणून त्रेसष्ट सालच्या शिमग्यानंतर डॉक्टर आणि चांगू महाडला येऊन उतरले. सावित्री नदीच्या अंगाला एका धर्मशाळेतली मागची खोली मिळाली. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून चांगूनं रेडिओच्या मोठ्या बॅटऱ्या एकीला एक जोडल्या. जुन्या टॉर्चच्या सेलमधल्या काळ्या कांड्या काढून त्यांचे वीज सोडायचे खांब केले, साबणाच्या दोन मोठ्या डब्यांच्या टाक्या केल्या, आणि मासळीबाजारातून रोज बर्फ आणून रक्ताच्या नळ्या थर्मासमध्ये ठेवायची सोय केली. खोलीला मासळीचा वास येई. डॉक्टर कोकणस्थ होते आणि मासे खात नव्हते, पण तक्रार म्हणून त्यांनी एकदाही केली नाही.

वाड्यांमधून रक्त गोळा करायला डॉक्टर स्वतः जायचे आणि चांगूनं महाडात राहून कागद सांभाळायचे, असं ठरलं. निघण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "डोंगरातली माणसं, चांगू. बोलवायची कशी? नावंगावं कुठून मिळणार?"

"गावकीची यादी घ्या, साहेब," चांगू म्हणाला. "कारभाऱ्याकडं वही असते. त्यानं पुकारलं की माणूस उठतोच. एक घर सुटायचं नाय."

ही युक्ती सुचल्याचा त्याला अभिमानच वाटला.

बुधवारी डॉक्टर वरंधच्या वाडीहून चाळीसेक नळ्या घेऊन आले. घरागणिक एका पुरुषाचं रक्त, आणि दुखणाईत पोर असलेल्या घरातून आईचं आणि पोराचंही. गुरुवारी सकाळी चांगूनं रक्त हाताच्या यंत्रावर गरगर फिरवलं, पेशी धुतल्या, फोडल्या, आणि लाल पाण्याचा एकेक टिपका पट्ट्यांवर ठेवला. सतरा नंबर हैबती, म्हणजे राहीबाईचा नवरा. अठरा राहीबाई. एकोणीस मैना. नातं असलं म्हणून चांगूनं त्यांना वेगळं वागवलं नाही. फक्त टिपका ठेवताना तो मनात "दाजी, आक्का, मैना" असं म्हणाला.

दिवस कलायला लागला तशी त्यानं झाकण काढलं. आक्काचे दोन पट्टे, स्वतः त्याच्यासारखेच. मैनेचा एकच, मागे राहिलेला. इथवर सगळं त्याला अपेक्षित होतं, आणि वाईट वाटत असूनही आपण बरोबर ओळखलं याचं थोडं बरंही वाटलं. मग त्यानं सतरा नंबर चिमट्यानं उचलला. त्यावर एकच पट्टा होता, पार पुढे गेलेला, स्वच्छ.

निरोगी.

चांगू पट्टी धरून उभा राहिला. मैनेला दोन्ही नमुने चुकीचे मिळाले होते. एक आक्काचा. दुसरा बापाचा असायला हवा, आणि बापाकडे तर चुकीचा नमुना नव्हताच.

शुक्रवारी त्यानं तिघांच्या पट्ट्या पुन्हा लावल्या. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक खिडकीत ठेवून सतरा नंबरच्या पेशी काचेवर हवाबंद करून तासाभरानं पाहिल्या. सगळ्या गोल, एकही वाकडी नाही. हैबतीच्या रक्तात दुसऱ्या कुठल्या दोषाची खूणही मिळाली नाही. संध्याकाळी पट्ट्या तेच बोलल्या. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ते जुन्या वळणाचे गृहस्थ होते, आणि समोर उभा असलेला माणूस त्या बाईचा भाऊ होता.

"असं कधीकधी होतं," ते म्हणाले. "नोंदवहीत प्रश्नचिन्ह घालायचं आणि हे घर हिशेबातून सोडून द्यायचं. कोणाला काही सांगायचं नाही. समजलं ना?"

"समजलं, साहेब."

समजलं होतं, म्हणून तर जीव गोळा झाला होता. दाजी मुंबईला गोदीत कामाला. गणपतीला आणि शिमग्याला तेवढे घरी येणार. आक्का बारा महिने त्या डोंगरात. जिनं आपल्याला कडेवर घेऊन वाढवलं, आई गेल्यावर आपल्या ताटात आधी वाढून मग स्वतः जेवली, तिच्याबद्दल असलं काही मनात येतं याची चांगूला चीड आली. पण कागद खोटं बोलत नाही, हे त्यानंच सात गावांत सांगितलं होतं.

शनिवारी डॉक्टरांनी त्याला मैनेच्या गोळ्या देऊन वाडीत पाठवलं. पोरीला पाणी भरपूर पाजा, गारठ्यात ठेवू नका, दुखायला लागलं की शेकत बसू नका, महाडला आणा, असं सांगायचं होतं. मार्चचं ऊन. वरंधला एसटीतून उतरून तासभर चढ चढेपर्यंत चांगूचा सदरा पाठीला चिकटला.

राहीबाईनं त्याला लांबूनच पाहिलं. "आला गो मामा तुझा!" असं मैनेला ओरडून सांगत तिनं तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणून त्याच्यापुढे ठेवला.

"तहान नाय," चांगू म्हणाला.

"आँ? एवढा चढ चढून आलास नि तहान नाय?"

"वाटंत प्यायलो."

वाटेत पाणी नव्हतं, हे त्या वाटेनं रोज गवताचे भारे आणणाऱ्या बाईला तो सांगत होता. ती चाय ठेवायला उठली, तर त्यानं चायही नको म्हटलं. ओटीच्या कडेला, एक पाय खाली सोडून तो बसला आणि गोळ्यांचं सांगत राहिला. सांगताना मैनेच्या तोंडाकडे बघत होता. नाक आक्काचं. कपाळ आक्काचं. डोळे कुणाचे? वाटेवरून एक शेजारी खांद्यावर नांगर घेऊन गेला, त्याच्या डोळ्यांकडेही चांगूनं पाहिलं, आणि पाहिल्यावर त्याला स्वतःची किळस आली.

"साहेबांच्या नोंदीला पायजे," तो म्हणाला. "मैना कुठल्या महिन्याची गो?"

"मार्गशीर्षातली. दत्तजयंतीच्या आदल्या दिसाची. ठाव नाय तुला? तूच नारळ आणलावतास."

"नि दाजी त्याच्या आधी कधी आलेवते?"

राहीबाई सुपात दाणे पाखडत होती. तिचे हात थांबले नाहीत. "शिमग्याला," ती म्हणाली.

चांगूचा अंगठा मांडीवर, बोटांच्या पेरांवरून हळूहळू सरकला. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. मार्गशीर्षापाशी नऊ झाले. महिने जुळत होते. पण महिने जुळले म्हणून पट्ट्या थोड्याच जुळणार होत्या? तो उठला. एसटी चुकेल म्हणाला. राहीबाईनं त्याला राहा म्हटलं नाही. न प्यायलेलं पाणी तिनं अंगणातल्या तुळशीला घातलं.

उतारावर देवळाजवळ माणसं जमली होती. पाणवठ्याचा गाळ काढायचा होता आणि त्यासाठी गावकी बसली होती. गावकी म्हणजे गावाचं सामाईक काम. त्याला घरटी एक माणूस यायचा असतो. कारभारी भागोजी पायरीवर बसून वहीतून एकेक नाव पुकारत होता आणि फावडी-घमेली घेतलेली माणसं हजर म्हणत बाजूला होत होती. चांगू रामराम करून पुढे निघाला, तोच भागोजीनं पुकारलं, "हैबती!"

"हजर!"

चांगू थबकला. दाजी अजून गावातच, आणि आपण त्यांना न भेटताच चाललो? त्यानं वळून पाहिलं. फावडं उचलून उभा होता तो हैबती नव्हताच. तो हैबतीचा धाकटा भाऊ, कोंडाजी.

दोघा भावांचं घर एक, चूल एक. थोरला हैबती, म्हणून यादीत नाव हैबतीचं. कोंडाजीचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं.

"कोंडाजी," चांगूनं त्याला बाजूला घेतलं. "दाजी कुठं हायत?"

"दादा? दादा सोमवारीच गेला की मुंबैला. बोट लागलीवती धक्क्याला, रजा नाय मिळाली."

"सोमवारी? मग बुधवारी सुई कुणी टोचून घेतली?"

कोंडाजीनं डाव्या हाताचं बोट पुढे केलं. त्यावर अजून बारीक काळा ठिपका होता. "ही काय. भागोजीकाकांनी सांगितलं, सरकारला रक्त पायजे, घरटी एक बोट. घराचं नाव आलं, मी उठलो."

"नि साहेबांना सांगितलं नाय, मी हैबती नाय म्हणून?"

"साहेबांनी इचारलं कुठं, पाव्हणं? नाव पुकारलं, हजर म्हटलं. दरवेळी असंच तर असतं." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून कोंडाजी जरा घाबरला. "का? काय चुकलं का? माझं रक्त खराब निघालं?"

"तुझं रक्त झकास हाय," चांगू म्हणाला, आणि पायरीवर बसला.

दरवेळी असंच असतं. त्याला ठाऊक नव्हतं का? बाप तापानं पडला असताना पोलादपूरच्या वरच्या आपल्या वाडीत तो स्वतः बापाच्या नावाला हजर म्हणून उभा राहिला होता, बारा वर्षांचा असताना. माणूस कोण आला याच्याशी गावकीला देणंघेणं नसतं, घर आलं की झालं. मुंबईच्या डॉक्टरांना हे कळायचं काही कारण नव्हतं. चांगूला कळायला हवं होतं. ती यादी त्यानंच तर सुचवली होती.

मान वर केली तर उतारावर आक्काचं घर दिसत होतं. अंगणात वाळत घातलेलं तिचं हिरवं लुगडंसुद्धा दिसत होतं. पाच मिनिटांचा चढ. धावत वर जावं आणि तांब्या तोंडाला लावावा, असं त्याला फार वाटलं. पण जाऊन सांगायचं काय? कोंडाजीचं रक्त ते दाजींचं नव्हे, एवढंच कळलं होतं. दाजींचं काय आहे ते अजून कुठं ठाऊक होतं? पट्टी हातात आली की बघू. एसटीचीही वेळ झालीच होती. माणसाला अशा वेळी एसटी बरी आठवते. तो खाली उतरला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि नोंदवही पुढे ओढली. चाळीस नळ्यांवरची किती नावं खरी आणि किती पुकारलेली, देव जाणे.

"दीडशे मण्यांत एक मणी भलता आला तर आपण पकडतो," ते शेवटी म्हणाले, "आणि इथे अख्खा माणूस भलता येऊन बसला, तर आपल्याला पत्ता नाही." मग ते हसले. "चूक माझी, चांगू. मी तोंडाकडे बघायला हवं होतं, मी वहीकडे बघत होतो."

चांगूला हसू आलं नाही. साहेबांचं ते वाक्य त्याला स्वतःलाच लागल्यासारखं झालं.

हैबतीला बोलवायचं होतं, पण तार करायची सोय नव्हती. डोंगरातल्या माणसाला तार आली की घरी कोणी गेलं असंच तो समजतो. म्हणून मुंबईला निघालेल्या एका गोदीवाल्याजवळ निरोप दिला: मैनेच्या औषधासाठी एक दिवस महाडला या, घाबरायचं कारण नाही. मंगळवारी सकाळी हैबती एसटीतून उतरला. हातात बिस्किटांचा पुडा आणि कागदात बांधलेला मैनेसाठी एक फ्रॉक. अर्ध्या पगारी रजा टाकून आला होता. त्यानं बोट पुढे केलं, टोचून घेतलं, आणि "आता?" म्हणून विचारलं. संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल म्हटल्यावर तो धर्मशाळेच्या ओट्यावर जाऊन बसला आणि फ्रॉक मांडीवर घेऊन नदीकडे बघत राहिला. सरळ माणूस. त्याला काही संशय नव्हता, आणि त्याच्या पाठीमागे खोलीत त्याचा मेहुणा दर अर्ध्या तासानं टाकीचं झाकण चाचपत होता.

चार वाजता चांगूनं झाकण काढलं. त्या क्षणी चिमटा कुठे गेला कोण जाणे. त्यानं पट्टी सरळ दोन बोटांनी धरून वर काढली. डॉक्टरांनी ते पाहिलं.

दोन पट्टे. एक पुढे, एक मागे. डोळ्यांत पाणी असूनही दोन स्पष्ट दिसत होते.

डॉक्टरांनी नोंदवही उघडली, सतरा नंबरपुढे नवीन नोंद केली, प्रश्नचिन्हावर आडवी रेघ मारली आणि हैबतीला आत बोलावून सगळं समजावून दिलं. या आजाराला मुळापासून औषध नाही, पण जपलं तर पोर सुखानं राहील, असं खरं तेच सांगितलं. हैबतीनं दोन्ही पट्ट्या, आपली आणि बायकोची, शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या.

"म्हंजे साहेब, अर्धं तिचं नि अर्धं माझं?"

"बरोबर. दोघांकडून सारखं."

"आमची आई तर सात वर्सं सगळं तिच्याच पदरात घालतीय," हैबती म्हणाला. मग पट्ट्या खाली ठेवत म्हणाला, "मीबी कधी काय बोललो नाय आईला. आता सांगतो."

बुधवारी सकाळी दोघं चढ चढून वर गेले. चांगूच्या अंगात आज बळ आलं होतं. मैनेनं बापाला लांबून पाहिलं आणि हाका मारत सुटली. हैबतीनं तिला खांद्यावर घेतलं आणि तसाच, चप्पल न काढता, मागच्या पडवीत आईकडे गेला. आतून त्याचा आवाज येऊ लागला. आवाज चढलेला नव्हता, पण थांबतही नव्हता.

चांगू आज ओटीच्या मधोमध मांडी घालून बसला. "आक्का," तो मोठ्यानं म्हणाला, "पाणी दे गो. नि चायबी ठेव. मरणाची तहान लागलीय."

राहीबाई तांब्या घेऊन आली. तांब्या तिनं खाली ठेवला नाही, हातातच धरून समोर बसली.

"कागद काय बोलला?" तिनं विचारलं.

"चांगला बोलला! दाजींचंबी तुझ्यासारखंच हाय. तुझ्या एकटीचा दोष नाय. नोंदीत चूक झालीवती, आता सगळी बरोबर केली साहेबांनी."

"तुझ्या साहेबांची नोंद ऱ्हाऊ दे." तिचा आवाज नेहमीचाच होता, मैनेला जेवायला हाक मारावी तसा. "त्या दिशी तू महिने मोजलेस. माझ्यासमोर बसून, बोटांवर."

चांगूनं मांडीवरची बोटं मिटून घेतली.

"मी म्हटलं, मोजू दे. शिकलेला हाय, त्याला मोजायला लागतं. नऊ झाले, तरी तू पाणी नाय प्यायलास." तिनं तांब्या मांडीवर घेतला. "नि देवळापाशी तुला कळलं. भावजींनी सांजेला घरी येऊन सांगितलं मला. मी चाय ठेवली, म्हटलं आता येईल वर. पाच पावलांवर तर घर. नाय आलास."

"आक्का, तवा अजून पट्टी..."

"पट्टी चांगली निघाली म्हणून आज आलास. वायट निघाली असती तर?"

पडवीत मैना खळखळून हसली. बहुतेक नवा फ्रॉक अंगावर चढवला असावा. चांगूला त्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं आणि राहीबाईलाही ठाऊक होतं, म्हणून ती त्याची वाट बघत थांबली नाही. तिनं तांब्या त्याच्या पुढ्यात ठेवला.

"पी," ती म्हणाली. "उन्हाचा चढून आलायस."

चांगूनं दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि एका दमात संपवला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. तांब्या खाली ठेवला, तेव्हा घासून लख्ख केलेल्या पितळेवर त्याची बोटं उमटली होती, सगळीच्या सगळी, रेघारेघांसकट. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

राहीबाईनं तांब्या उचलला, पदरानं पुसला, आणि चाय ठेवायला आत गेली.